कोणता प्रतिध्वनी खालचा?



व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांनी मला फोनवर सरळच विचारलं, "गुरूच्या चंद्रांवर बर्फाखाली समुद्र आहेत, हे तर आता शाळेतली मुलंही सांगतात. मग ते रडार लावून पुन्हा शोधायचे कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देण्यातच आजचा माझा वेळ जाणार आहे.

समुद्र आहे असं आपण कशावरून म्हणतो? युरोपा या गुरूच्या चंद्रापुरतं बोलायचं तर मुख्यतः चुंबकत्वाच्या मोजमापावरून. गॅलिलिओ नावाचं यान १९९५ ते २००३ या काळात गुरूभोवती फिरत होतं. त्याच्यावरच्या चुंबकमापकाचं काम मार्गारेट किव्हेलसन पाहत होत्या. युरोपाजवळून जाताना त्यांच्या चमूला असं दिसलं की, गुरूच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा बदलली की युरोपाभोवतीचं एक छोटं क्षेत्रही दिशा बदलतं. आत वीज वाहून नेणारा थर असल्याशिवाय असं घडत नाही. घट्ट गोठलेल्या बर्फाला ते जमत नाही, खाऱ्या पाण्याला जमतं. हा पुरावा भक्कम आहे. पण तो पाणी आहे एवढंच सांगतो. पाण्यावरचं बर्फाचं कवच पाच किलोमीटर जाड आहे की तीस, हे सांगत नाही. गेली पंचवीस वर्षं या शास्त्रात पातळ कवचवाले आणि जाड कवचवाले असे दोन पक्ष आहेत. परिषदांमध्ये ते एकमेकांना चहा देतात आणि मग एकमेकांचे शोधनिबंध खोडून काढतात.

जाडीला एवढं महत्त्व का, तेही सांगतो. गुरूभोवतीच्या किरणोत्सर्गाने युरोपाच्या पृष्ठभागावरच्या बर्फात ऑक्सिजनसारखी द्रव्यं तयार होत राहतात. खालच्या समुद्रात काही जगायचं असेल, तर ही रसद वरून खाली पोचायला हवी. कवच पातळ असेल, किंवा जाड असूनही त्यात मध्येच पाण्याचे कप्पे असतील, तर वरखाली देवाणघेवाण होऊ शकते. नसेल, तर तो समुद्र बंद डब्यात पडून आहे. हे ठरवायचं तर कवचाच्या आत बघावं लागतं, आणि त्यासाठी आज हाताशी असलेलं सगळ्यात थेट साधन म्हणजे रडार.

रडारचं तत्त्व सांगायला दोन मिनिटं पुरतात. आडाला पाणी किती खोल आहे हे बघायचं तर खडा टाकतात आणि डुबुक ऐकू येईपर्यंत मोजतात. यान खड्याऐवजी रेडिओ लहरींचा ठोका टाकतं. त्यातला काही भाग पृष्ठभागावरूनच परततो. उरलेला बर्फात शिरतो, आणि आत जिथे जिथे पदार्थ बदलतो तिथून थोडा थोडा माघारी येतो. निर्वातात रेडिओ लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. बर्फात तिचा वेग सुमारे एक लाख अडुसष्ट हजारांवर येतो. म्हणजे एक किलोमीटर बर्फ पार करून परत यायला साधारण १२ मायक्रोसेकंद, आणि वीस किलोमीटरला २४०. घड्याळ अचूक असलं की खोली निघाली.

पण आडात खडा टाकणाऱ्याला आवाज कशाचा आला हे ठाऊक असतं. रडारला ते ठाऊक नसतं. इतक्या वेळाने इतक्या ताकदीचा प्रतिध्वनी आला, एवढीच नोंद त्याच्या हाती लागते. माझ्या आजच्या बोलण्याचा सगळा रोख या अडचणीवर आहे. लहर पाठवणं आपल्याला साठ वर्षांपासून येतं. परत आलेल्या गर्दीतला खालून आलेला प्रतिध्वनी कोणता, हे ओळखणं मात्र अजूनही कठीण आहे.

बर्फ रेडिओ लहरींना वाट देतो हे माणसाला पृथ्वीवरच कळलं, आणि तेही नको असताना. ध्रुवीय प्रदेशात उडणाऱ्या विमानांचे रेडिओ उंचीमापक बर्फावरून जाताना भलतेच आकडे दाखवत. त्यांची लहर पृष्ठभागावर न थांबता आत घुसत होती. अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमधले अमोरी वेट यांनी १९५०च्या दशकात या दोषाचाच उपयोग करून बर्फाची जाडी मोजता येते हे दाखवलं. केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये स्टॅन इव्हान्स यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी खास या कामासाठी ३५ मेगाहर्ट्झचं यंत्र तयार केलं. मग ही यंत्रं विमानात बसली आणि अंटार्क्टिकावर हजारो किलोमीटरच्या रेघा ओढल्या गेल्या.

त्या रेघांमध्ये एक विचित्र गोष्ट दिसू लागली. बर्फाचा तळ म्हणजे डोंगरदऱ्या. तिथून येणारा प्रतिध्वनी खडबडीत आणि फिकट. पण काही ठिकाणी तळ एकाएकी आरशासारखा सपाट आणि लखलखीत होई. गॉर्डन रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात त्याचा अर्थ लावला, तो म्हणजे बर्फाखाली तळी आहेत. त्यातलं सगळ्यात मोठं नेमकं रशियाच्या व्होस्तोक तळाच्या खाली निघालं. १९५७पासून माणसं तिथे राहत होती. १९८३च्या जुलैत उणे ८९.२ अंश ही पृथ्वीवरच्या थंडीची विक्रमी नोंद त्यांनी तिथेच केली. आणि त्यांच्या पायाखाली, पावणेचार किलोमीटर बर्फाच्या तळाशी, सुमारे अडीचशे किलोमीटर लांबीचं द्रवरूप पाण्याचं सरोवर होतं. त्याचा पूर्ण विस्तार कळायला १९९६ उजाडलं, आणि छिद्र पाडून पाण्यापर्यंत पोचायला फेब्रुवारी २०१२. युरोपावर सरळ खणत का नाही, असं मला नेहमी विचारतात. पृथ्वीवर, माणसं, डिझेल आणि यंत्रं हाताशी असताना, एका छिद्राला किती वर्षं गेली ते पाहा.

अंटार्क्टिकाने शिकवलेली ही खूण लक्षात ठेवा: पाण्याचा प्रतिध्वनी भोवतालच्यापेक्षा उजळ असतो आणि सपाट असतो. युरोपासाठीची सगळी तयारी याच खुणेवर उभी आहे.

आपल्या माणसांनाही हे काम परकं नाही. पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१मध्ये गोव्याहून निघाली. आज राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र गोव्यातच, वास्कोला आहे. हिमाचलातल्या छोटा शिगरी हिमनदीची जाडी जमिनीवरून चालवलेल्या रडारने मोजली गेली आहे. पण हिमालयातला बर्फ अंटार्क्टिकाच्या बर्फापेक्षा रडारला जास्त छळतो. तो वितळण्याच्या उंबरठ्यावर असतो, त्यात पाण्याचे बारीक कप्पे असतात आणि लहर त्यांवर आपटून विखुरते. थंड, स्वच्छ बर्फ लहरीला जवळजवळ फुकट जाऊ देतो. तोच बर्फ उबदार झाला, त्यात मीठ मिसळलं, की पावलोपावली जकात घेतो.

युरोपावर हीच गोष्ट मोठ्या मापाने घडते. विषुववृत्तावर पृष्ठभागाचं तापमान उणे १६० अंशांच्या आसपास. समुद्राला टेकलेला बर्फ मात्र वितळणबिंदूजवळ. कवच पातळ असेल तर वरचा बराचसा भाग कडक थंड, आणि लहर थेट पाण्यापर्यंत जाऊन येईल. कवच जाड असेल तर त्याच्या खालच्या भागातला उबदार बर्फ हजारो वर्षांच्या संथ गतीने वर चढत-उतरत असणार, आणि तो लहर गिळून टाकणार. म्हणजे समुद्र जितका खोल, तितका तो दिसणं अवघड. जाड कवचवाल्यांचं म्हणणं खरं असेल, तर त्यांना ते रडारने थेट सिद्ध करता येणार नाही, अशी ही गंमत आहे.

तरीही प्रतिध्वनी न येणं म्हणजे हाती काही न लागणं नव्हे. लहर किती खोलीपर्यंत टिकली आणि कुठे विझली, यावरून बर्फ कुठे उबदार होतो ते कळतं. २०१७ साली काही संशोधकांनी गणित करून दाखवलं की, समुद्राच्या बऱ्याच वर, जिथे बर्फातली मिठं पहिल्यांदा वितळू लागतात, ती सीमा रडारला समुद्राच्या आधी सापडू शकते. ती सपाट आहे की वरखाली झालेली, यावरून कवच आतून हलतं की नाही तेही ओळखता येईल. मला हा विचार फार आवडतो. समुद्र दिसला नाही म्हणून मोहीम फसली, असं वर्तमानपत्रवाले लिहितील तेव्हा तो आठवावा.

आता गुरूबद्दल. १९५५ साली वॉशिंग्टनजवळ बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन हे दोघे २२ मेगाहर्ट्झवर आकाशाचा आवाज ऐकत होते. अधूनमधून त्यांच्या नोंदीत खरखर उठायची. जवळपासच्या एखाद्या गाडीच्या इंजिनाचा उपद्रव असेल, असं त्यांनी आधी धरलं. पण ही खरखर ताऱ्यांबरोबर ठरल्या वेळी उगवत होती. माग काढला तेव्हा ती गुरूकडून येत होती. गुरूचं प्रचंड चुंबकीय क्षेत्र आणि त्यातून धावणारे इलेक्ट्रॉन मिळून ४० मेगाहर्ट्झच्या खाली अफाट रेडिओ गोंगाट करतात. आणि बर्फात खोल उतरण्यासाठी सोयीची वारंवारता नेमकी त्याच पट्ट्यात येते.

युरोपा क्लिपर या अमेरिकी यानावरचं 'रीझन' हे रडार या कोंडीतून दोन वाटांनी निघतं. त्याचे मुख्य शास्त्रज्ञ टेक्सास विद्यापीठाचे डॉन ब्लँकनशिप. अंटार्क्टिकावर विमानातून रडार चालवण्यात त्यांची हयात गेली. रीझनला दोन आवाज आहेत. ९ मेगाहर्ट्झची लहर ३३ मीटर लांबीची. पृष्ठभागाच्या लहानसहान खाचखळग्यांना ती जुमानत नाही आणि खोल जाते, पण बारकावे तिला दिसत नाहीत. शंभरेक मीटरच्या आतले थर ती एकमेकांपासून वेगळे करू शकत नाही. ६० मेगाहर्ट्झची लहर ५ मीटरची. ती पहिले काही किलोमीटर दहा-दहा मीटरच्या बारकाईने वाचते, आणि गुरूचा गोंगाट तिथवर पोचत नाही. मग ९ मेगाहर्ट्झचं काय करायचं? युरोपाची एक बाजू कायम गुरूकडे आणि दुसरी कायम पलीकडे असते. पलीकडच्या बाजूवर यान आलं की युरोपा स्वतःच गुरूला झाकतो. त्या आडोशाला ९ मेगाहर्ट्झने मोजायचं. युरोपाभोवती विद्युतभारित कणांचं विरळ आवरण आहे. ते लहरींना थोडं उशिरा पोचवतं, आणि दोन वारंवारतांच्या तुलनेतून तो उशीरही वजा करता येतो.

काहींना तर तो गोंगाटच कामी लावावासा वाटतो. गुरू स्वतःच लहरी पाठवतो आहे, तर यानाने पाठवायच्या कशाला? सरळ आलेला आवाज आणि बर्फाखालून परतलेला तोच आवाज जुळवून पाहिले तर खोली निघू शकते. ही कल्पना दहा वर्षांपूर्वी मांडली गेली आणि तिची गणितं पटण्यासारखी आहेत.

आता माझ्या मते सगळ्यात त्रासदायक प्रकरण, भलतीकडून आलेले प्रतिध्वनी. यान खाली बघतं, पण लहर फक्त खाली जात नाही. ती चहूकडे पसरते. बाजूला दहा किलोमीटरवर एखादा कडा असेल तर त्याच्यावर आपटलेली लहर उशिरा पोचते, आणि तो उशीर बर्फाच्या आतून आल्यासारखाच दिसतो. युरोपाचा पृष्ठभाग कडे, भेगा आणि जोडकण्यांनी, म्हणजे शेजारी-शेजारी धावणाऱ्या दुहेरी उंचवट्यांनी, भरलेला आहे, त्यामुळे तिथे असे तोतये ढीगभर भेटणार. उपाय दोन. एक, कॅमेऱ्याने उंचसखलपणाचा नकाशा काढायचा, संगणकावर त्यावरून बनावट प्रतिध्वनी तयार करायचे, आणि जे खऱ्या नोंदीशी जुळतील ते बाद करायचे. दुसरा, ६० मेगाहर्ट्झच्या अँटेना यानाच्या दोन्ही बाजूंच्या सौर पंखांवर लावायच्या, म्हणजे प्रतिध्वनी डावीकडून आला की उजवीकडून हे फरकावरून कळतं.

शिवाय १९७०च्या दशकापासून अरेसिबोच्या महाकाय दुर्बिणीने पृथ्वीवरून या चंद्रांवर रडार लहरी टाकल्या, तेव्हा परत आलेला प्रतिध्वनी खडकाळ ग्रहांच्या मानाने भलताच उजळ आणि उलट्या गुणधर्माचा निघाला. वरचा बर्फ इतका स्वच्छ आहे की लहर आत शिरून पोकळ्यांमध्ये अनेकदा आपटत बाहेर येते, असा त्याचा अर्थ लावला जातो. बारा-तेरा सेंटिमीटरच्या लहरीचं हे झालं. पाच आणि तेहतीस मीटरच्या लहरींना ते कितपत नडेल, यावर अजून वाद आहे.

ओळख चुकली तर काय होतं, याचा धडा मंगळावर आहे. युरोपच्या मार्स एक्स्प्रेस यानावर 'मार्सिस' हे रडार आहे. त्याच्या वीस मीटरच्या दोन अँटेना उघडताना यानालाच फटका बसेल या भीतीने त्या २००५पर्यंत मिटूनच ठेवल्या होत्या. उघडायला घेतल्या तर एका अँटेनाचा एक सांधा बसेना. मग तो उन्हाकडे फिरवून तापवला तेव्हा बसला. याच रडारने २०१२ ते २०१५ या काळात मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळ दीड किलोमीटर बर्फाखाली वीसेक किलोमीटर रुंदीचा एक उजळ पट्टा नोंदवला. उजळ आणि सपाट, अंटार्क्टिकाची खूण जशीच्या तशी. रोबेर्तो ओरोसेई आणि सहकाऱ्यांनी जुलै २०१८मध्ये 'सायन्स' नियतकालिकात ते पाणी असल्याचं मांडलं, आणि जगभर मथळे झळकले.

मग हरकती सुरू झाल्या. इतक्या थंडीत पाणी द्रव ठेवायला लागणारी उष्णता येते कुठून? थिजलेली चिकणमातीही असाच प्रतिध्वनी देईल, असं एकाने दाखवलं. पातळ थरांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळूनही तेवढाच उजेड पडतो, असं दुसऱ्याने. आणि मुख्य म्हणजे, मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरवरच्या 'शराड' रडारला, जे २० मेगाहर्ट्झवर चालतं, ते तळं कधी दिसलंच नाही. २०२५मध्ये त्या यानाला जवळजवळ पालथं करून शराडचा रोख नीट खाली आणला, तेव्हा कुठे तिथून प्रतिध्वनी मिळाला, आणि तोही फिका. द्रव पाण्याने द्यायला हवा तसा तो नव्हता. ओरोसेई यांच्या चमूने काम काळजीपूर्वक केलं होतं, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांच्याकडे एकाच रडारच्या नोंदी होत्या आणि खूण पृथ्वीवरून उसनी आणलेली होती, इथे ते अडकले.

याच्या उलट उदाहरण टायटनचं. शनीच्या या चंद्रावर मिथेनचे समुद्र आहेत. कॅसिनी यानाचं रडार जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीच्या लहरींचं, ढगांखालचा पृष्ठभाग बघण्यासाठी केलेलं. खोली मोजण्यासाठी ते नव्हतंच. तरी मे २०१३मध्ये लायजिया मारे या समुद्रावरून जाताना त्याच्या नोंदीत दोन प्रतिध्वनी सापडले, एक पृष्ठभागाचा आणि एक तळाचा. खोली निघाली १६० मीटर. इथे कुणी फारसा वाद घातला नाही. पृष्ठभाग काचेसारखा शांत होता, त्यामुळे भलतीकडचे प्रतिध्वनी नव्हते. आणि द्रव इतका निर्मळ की दोन सेंटिमीटरची लहरही तळ गाठून आली.

गुरूच्या चंद्रांकडे दोन यानं निघाली आहेत. युरोपची 'ज्यूस' १४ एप्रिल २०२३ला निघाली. तिच्यावरच्या 'राइम' रडारची १६ मीटरची अँटेना एका बारीक खिळीमुळे अडकली होती. यान हलवून पाहिलं, उन्हात तापवून पाहिलं, शेवटी मे महिन्यात जवळच्या एका यंत्रणेचा धक्का देऊन ती सुटली. ज्यूस २०३१मध्ये गुरूजवळ पोचेल आणि मुख्यतः गॅनिमिड या गुरूच्या दुसऱ्या एका चंद्रावर काम करेल. राइम नऊ किलोमीटरपर्यंत बघू शकतं. गॅनिमिडचं कवच मात्र शंभर-दीडशे किलोमीटरचं असावं, तेव्हा तिथला समुद्र राइमला दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कवचाच्या वरच्या थरांचा इतिहास मात्र ते वाचेल.

क्लिपर १४ ऑक्टोबर २०२४ला निघालं. १ मार्च २०२५ला मंगळाजवळून जाताना रीझन पहिल्यांदा पूर्णपणे चालवून पाहिलं. पृथ्वीवर ते जमलं नव्हतं, कारण एवढ्या लांब लहरींसाठी ७६ मीटर लांबीची प्रतिध्वनीरहित खोली लागली असती. चाळीस मिनिटं ते चाललं आणि अपेक्षेप्रमाणे चाललं. एप्रिल २०३०मध्ये क्लिपर गुरूभोवती कक्षेत शिरेल आणि पुढे युरोपाजवळून ४९ वेळा जाईल, काही वेळा अवघ्या २५ किलोमीटरवरून.

काय सापडेल? माझा अंदाज विचाराल तर समुद्राच्या आधी उथळ पाणी सापडेल. युरोपावर थेरा मॅक्युलासारखे उद्ध्वस्त प्रदेश आहेत. तिथे तीनेक किलोमीटर खोलीवर पाण्याचे भिंगासारखे साठे असावेत, असं ब्रिटनी श्मिट आणि ब्लँकनशिप यांनी २०११मध्ये मांडलं होतं. २०२२मध्ये रायली कल्बर्ग आणि सहकाऱ्यांना वायव्य ग्रीनलंडमध्ये एक जोडकणा सापडला, युरोपावर शेकडो आहेत तसाच. विमानातून घेतलेल्या रडार नोंदींनी तो कसा बनला ते दाखवलं: बर्फातल्या उथळ पाण्याचा कप्पा दाबाखाली पुन्हा गोठत गेला आणि वरचा बर्फ दोन्ही बाजूंनी उचलला गेला. युरोपाचे कणे असेच झाले असतील, तर त्यांच्याखाली एखाद्या किलोमीटरवर पाणी असेल, आणि तिथवर ६० मेगाहर्ट्झची लहर आरामात पोचते.

२०३०नंतर कधीतरी "युरोपावर पाणी दिसलं" असा मथळा तुमच्यासमोर येईल. तेव्हा बातमीत तीन गोष्टी शोधा. तो प्रतिध्वनी बाजूच्या कड्यांवरून आलेला नाही, हे उंचीच्या नकाशावरून तपासलं का? ९ आणि ६० या दोन्ही मेगाहर्ट्झवर तो दिसला का? आणि यान दुसऱ्या फेरीत वेगळ्या दिशेने त्याच जागेवरून गेलं, तेव्हा तो तिथेच होता का? मंगळाच्या तळ्याच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाला नकार मिळाला होता, आणि सगळा वाद तिथून पेटला.

आता तुमचे प्रश्न घेऊ.